आधी रिकामं मोजा

४ फेब्रुवारी

माननीय विभागप्रमुख यांस,

दादाच्या विभागातल्या खोलीच्या किल्ल्या सोबत पाठवतो आहे. मोठी दाराची, मधली कपाटाची. लहान कशाची हे दादालाही माहीत नव्हतं, पण ती दिसली नाही की तो बेचैन व्हायचा, म्हणून तीही जपून ठेवा.

शोकसभेबद्दल आभार. मी तिथे काही बोललो नाही याचं कोणी वाईट वाटून घेऊ नये. मी जन्मभर दातांचा डॉक्टर होतो. ज्यांच्या तोंडात माझी बोटं आहेत त्यांच्याशीच बोलायची मला सवय. समोरचा उलटून बोलू शकत असेल तर मला सुचत नाही.

भाषणं मात्र सगळी ऐकली. प्राचार्यांनी माझ्या भावाला ज्ञानाचा महासागर म्हटलं. त्याला पोहता येत नव्हतं. दुसऱ्या एका वक्त्याने सांगितलं की सरांनी कधी कुणाला 'नाही' म्हटलं नाही. त्या वाक्याला मागच्या रांगेतल्या त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना एकदम खोकला आला. साथ आहे की काय, काळजी घ्यावी.

एकच विचारायचं होतं. गेला त्या दुपारी दादा यंत्र चालू ठेवून जेवायला घरी आला होता. परत निघताना एक बूट चढवला आणि दुसरा हातात राहिला. त्या यंत्राचं पुढे काय झालं? कोणी बंद केलं का? गॅसवर दूध ठेवून आल्यासारखं वाटत राहतं.

आपला,
सरांचा धाकटा भाऊ


११ फेब्रुवारी

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपलं पत्र पोहोचलं. 'माननीय विभागप्रमुख' वाचून मला भरून आलं, आणि थोडं लागलंही. ज्या घरी मी विद्यार्थी असताना हक्काने जेवलो, त्या घरातून मला अहो-जाहो? काका, मी तुमचा तोच आहे, ज्याला सर 'एक्स्प्रेस' म्हणायचे.

यंत्राची चिंता नसावी. थंडाव्याचा द्रव नायट्रोजन संपल्यावर ते आपोआप थांबलं. पण थांबण्याआधी त्याने आपल्या सर्वांच्या ओंजळीत काय टाकलं आहे, ते सांगण्यासाठीच हे पत्र.

सर गेले वर्षभर एका नव्या स्फटिकाच्या मागे होते, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्या दुपारची संगणकातली मोजणी मी स्वतः काढून पाहिली. काका, उणे पन्नास अंशांच्या जवळ आलेख सरळ वर चढतो आणि पुन्हा खाली येतो. स्वच्छ, देखणा उंचवटा! त्या तापमानाला स्फटिक अचानक जास्त उष्णता पितो, म्हणजेच त्याच्या आत काहीतरी बदलतं. हा सरांचा शेवटचा आणि सर्वांत मोठा शोध आहे. आम्ही त्याला 'सरांचा उंचवटा' असं नाव दिलं आहे. शोधनिबंध तातडीने पाठवला. पहिलं नाव सरांचं. दुसरं, नाइलाजाने, माझं.

२० मार्चला स्मृतिसभा घेत आहोत. प्रयोगशाळेला सरांचं नाव देऊ, दारावर 'या उंचवट्याचे शोधक' अशी पाटी लावू. आपल्या पुतणीला मी परदेशी फोन करून बातमी दिली. ती फोनवर रडली, काका. म्हणाली, "बाबांना शेवटी मिळालं."

सरांचा एखादा हसरा फोटो पाठवावा.

एक खंत आहे. स्फटिक सापडला नाही. तिळाएवढा तर असतो, यंत्र उघडताना खाली पडला असावा. दोन संशोधक विद्यार्थी टॉर्च घेऊन फरशीवर रांगत आहेत.

आपला नम्र,
एक्स्प्रेस


१५ फेब्रुवारी

माननीय विभागप्रमुख यांस,

त्या मुलांना उठवा. गुडघे लवकर झिजतात.

स्फटिक माझ्याकडे आहे. माझ्या टेबलावर काचेच्या बशीत, वर पेला उपडा घालून ठेवला आहे. तो तुमच्या यंत्रात कधी गेलाच नाही.

आमची पद्धत तुम्हाला माहीत नसेल, कारण ती तुम्ही दादाचं काम सोडल्यानंतर सुरू झाली. दादाचे हात अलीकडे थरथरायचे. स्फटिकाची एक बाजू सपाट घासून घ्यावी लागते, नाहीतर तो यंत्रातल्या पत्र्यावर नीट टेकत नाही. हे काम तो माझ्याकडे द्यायचा. तीळ घासणं आणि दाढ घासणं यात फरक एवढाच, की तीळ ओरडत नाही. हा स्फटिक त्याने मला आदल्या रविवारी दिला. "सावकाश कर, घाई नाही," म्हणाला. मी सावकाश केलं. तो गेला तेव्हा निम्मा घासून झाला होता.

तेव्हा त्या दुपारी यंत्रात काय होतं, हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे कमाल आहे. तो नेहमी आधी काय करायचा? रिकामी फेरी. तेलवाला भांड्यात तेल ओतण्याआधी रिकाम्या भांड्याच्या वजनाचा धडा करतो, तसं. स्फटिक ग्रीसच्या थेंबाने पत्र्याला चिकटवायचा असतो. तापताना पत्रा उष्णता घेतो, ग्रीसही घेतं. म्हणून आधी नुसता पत्रा आणि ग्रीस मोजायचं, मग स्फटिक ठेवून पुन्हा मोजायचं, आणि दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं. हे मला जेवताना इतक्या वेळा ऐकावं लागलंय की झोपेतही सांगेन.

म्हणजे तुमच्या हाती जो महान शोध लागला आहे, तो रिकाम्या भांड्याचा आहे.

अहो-जाहोबद्दल : मी खुर्चीला अहो म्हणतो. तिच्यावर तू बसला आहेस, हा तुझा प्रश्न.

आपला,
काका


२२ फेब्रुवारी

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपल्या मनाची अवस्था मी समजू शकतो. अशा काळात माणसाच्या मनात कशाचीही सांगड कशाशीही बसते. माझे वडील गेले तेव्हा माझी आई महिनाभर त्यांच्यासाठी पाणी गरम करत होती.

पण काका, विज्ञानाला पुरावा लागतो. सरांकडे स्फटिक एकच होता, असं आपण कशावरून म्हणता? एक आपल्याकडे घासायला दिला असेल, दुसरा यंत्रात असेल. आणि रिकामी फेरी मला शिकवण्याची गरज नाही. माझी त्यावर दोन वर्षं गेली आहेत. सरांनी केलेली रिकामी मोजणी कपाटात होती. मी ती वजा केली, आणि वजा करूनच उंचवटा उरला. हे गणित आहे, त्यात भावना नाही.

मोजणीला सरांनी नमुन्याचं नाव दिलेलं नव्हतं, हे खरं. शेवटी शेवटी ते विसरायचे, हे आपण दोघंही जाणतो.

फोटोची वाट पाहतो. फलक छापायला द्यायचा आहे.

आपला,
एक्स्प्रेस


२६ फेब्रुवारी

माननीय विभागप्रमुख यांस,

नमुन्याचं नाव नव्हतं, कारण नमुना नव्हता. विसरभोळ्या माणसाकडून एवढी अचूक नोंद क्वचितच होते.

दुसरा स्फटिकही नव्हता. भट्टीतून पाच निघाले. चार भेगाळले होते, ते त्याने ज्या तोंडाने केराच्या डब्यात टाकले ते तोंड मी पाहिलं आहे. त्या रात्री तो जेवला नाही.

आणि कपाटातली रिकामी मोजणी जुन्या ग्रीसची आहे. जानेवारीत तो डबा संपला. नवा आला तो दुसऱ्या कंपनीचा. हे मला कसं माहीत? आठवडाभर या घरात दुसरा विषय नव्हता. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी तो म्हणायचा, "नव्या ग्रीसचा भरवसा नाही." मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, मग लग्न लावायचंय का तिच्याशी? चार चौकश्या कर आणि मोकळा हो." तर म्हणाला, "तेच करतोय. सोमवारी रिकामी फेरी घेतो." सोमवारीच तो गेला.

तुम्ही नव्या ग्रीसमधून जुनं ग्रीस वजा केलंत. जे उरलं त्याला माझ्या भावाचं नाव दिलंत. ग्रीसही थंडीत घट्ट होतं आणि तापताना सैल पडतं, त्याला उष्णता लागते. हे दादाचं वाक्य आहे, माझं नाही. दातांना ग्रीस लावत नाहीत.

दादाने आयुष्यभर काय केलं, याचा सारांश तुमच्या फलकावर मावेल. लोकांनी उंचवटे आणले, त्याने ते सपाट केले. एका मोठ्या प्रयोगशाळेने नवं काहीतरी सापडल्याची दवंडी पिटली. याने वर्ष घालवून दाखवून दिलं की त्यांच्या नमुन्यात दमट हवेतलं पाणी शिरलंय आणि ते जो शोध म्हणतायत तो बर्फ आहे. त्यांनी त्याला त्यानंतर एकाही परिषदेला बोलावलं नाही. बर्फाचा शोध आधीच लागलेला होता, त्याला तो काय करणार? सगळ्या नियतकालिकांचे संपादक शंका आली की निबंध त्याच्याकडे तपासायला धाडायचे. पाठीमागे त्याला 'नाही-सर' म्हणायचे, बढती द्यायची वेळ आली की तोंडावरही. यंत्र त्याने भंगारातून बांधलं. त्यातला पहिला पंप माझ्या दवाखान्यातला लाळ ओढायचा होता, आणि त्याबद्दल त्याने निबंधात माझे आभार मानले होते. माझं नाव छापून आलं ते तेवढंच.

अशा माणसाच्या दारावर तुम्ही ग्रीसचा उंचवटा लावणार. वर हसरा फोटो पाहिजे. या बातमीवर त्याने हसावं असं वाटत असेल तर ते त्याला जमलं असतं, पण फोटोत येण्यासारखं नसतं.

माझं मागणं एवढंच : नवा डबा उघडा, थेंबभर ग्रीस पत्र्यावर ठेवा, स्फटिक ठेवू नका, आणि मोजा. उंचवटा आला नाही तर मी तुमची जाहीर माफी मागेन आणि फोटोही पाठवीन.

आपला,
काका


६ मार्च

काका,

आपली विनंती मान्य करणं शक्य नाही. स्मृतिसभेसाठी प्रयोगशाळेचं रंगकाम सुरू आहे. यंत्रावर प्लास्टिक घालून ते कोपऱ्यात सरकवलं आहे. रंग वाळायला वेळ लागेल. प्रमुख पाहुण्यांचा होकार आला आहे. आमंत्रणं गेली आहेत. निबंध स्वीकारला गेल्याचं कालच कळलं.

एक गोष्ट मी याआधी लिहिली नाही, आता लिहितो. सरांच्या नावावर काय आहे, काका? दुसऱ्यांचं चुकलं असं दाखवणारे निबंध. त्यातला एकही आज कोणी वाचत नाही, कारण जे खोटं ठरलं ते विसरलं जातं, आणि ते खोटं ठरवणाराही त्याच्याबरोबर विसरला जातो. मी नव्या मुलांना सरांबद्दल सांगायला उभा राहतो तेव्हा ती विचारतात, "सर, त्यांनी शोधलं काय?" मला उत्तर देता येत नाही.

आता एक उत्तर मिळालं आहे. त्यांच्या मुलीलाही मिळालं आहे. ते आपणच काढून घेणार? सख्ख्या भावाने?

फोटो पाठवायचा नसेल तर आमच्याकडे ओळखपत्रावरचा आहे.

एक्स्प्रेस


१० मार्च

माननीय विभागप्रमुख यांस,

शाबास. नाही-सरांचा शोध साजरा व्हावा म्हणून नाही-सरांचं यंत्र प्लास्टिकखाली. रंग तरी चांगला निवडला असेल अशी आशा आहे.

तुमच्या पत्रात एक परिच्छेद मात्र खरा होता. तो मी दोनदा वाचला. त्याचं उत्तर देतो.

तुम्ही त्याच्याकडे येण्याच्या पुष्कळ आधीची गोष्ट. दादाची नोकरी नवी, वहिनी नवी, यंत्र नवं. एका संध्याकाळी तो घरी आला तो जिना दोन-दोन पायऱ्या चढत. त्याला उंचवटा सापडला होता. स्वतःचा. वहिनीने माहेरी कळवलं. शेजारी पेढे मागून गेले. मी तेव्हा शिकत होतो, मी वर्गात सांगितलं. आई तर ज्याला-त्याला थांबवून सांगायची, काय सापडलं ते न कळता. पंधरवड्याने दादा तोच जिना चढला, एकेक पायरी. नमुना काढून नुसतं यंत्र मोजलं तर उंचवटा तिथेच होता. तारेच्या एका जोडाचा होता तो. मग तो घरोघर जाऊन सांगून आला, ज्याला-ज्याला आईने सांगितलं होतं त्या प्रत्येकाला. एक शेजारी म्हणाले, "अहो, आम्हाला काय कळतंय, आम्ही तर विसरलोही होतो." दादा म्हणाला, "तरी तेवढं खोडून टाका."

त्या दिवसापासून आधी रिकामं, मग भरलेलं. तुम्ही म्हणता त्याने शोधलं काय. त्याने जे मोजलं ते पुन्हा मोजावं लागत नाही. हे नव्या मुलांना सांगून पाहा. त्यांना पटलं नाही तर ती मुलं तुमच्यासारखी आहेत, आणि विभागप्रमुख होतील.

पुतणीचं तुम्ही लिहिलंत. तिचा मलाही फोन आला होता. तिने तिच्या मुलांना चित्र काढून दाखवलंय, आजोबांची टेकडी म्हणून. मुलं विचारत होती की त्या टेकडीवर चढता येतं का. मी तिला अजून काही बोललो नाही. फोन कानाला लावून गप्प राहिलो. तिला वाटलं मी रडतोय. ते मला परवडणारं होतं, मी तसंच वाटू दिलं.

तिला सांगायला लागेल ते मी सांगेन. तिने ते आज माझ्याकडून ऐकावं. चार वर्षांनी कुणी परका हे मोजेल, त्याला टेकडी ग्रीसची निघेल, आणि तो दादासारखाच काटेकोर असेल तर छापेल. तेव्हा कुणाचं नाव पहिलं असेल? तुमचं दुसरं आहे, नाइलाजाने.

२० तारखेला मी येईन. बोलणार नाही, घाबरू नका. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. शर्टाच्या खिशात स्फटिक असेल, एवढंच. तुम्ही भाषण करताना माझ्या खिशाकडे पाहू नका म्हणजे झालं.

आपला,
काका


२४ मार्च

काका,

तुम्ही शेवटच्या रांगेत खांबाआड बसला होतात. मी खिशाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं आणि सगळा वेळ तेच केलं. चहाआधी निघून गेलात. म्हणून जे स्टेजवर बोललो नाही ते लिहितो.

तुमचं पत्र आल्यावर मी ते फाडलं. मग दोन दिवस मला दिसेल तिथे जिना चढणारा माणूस दिसू लागला. शेवटी रविवारी एकटाच प्रयोगशाळेत गेलो. यंत्रावरचं प्लास्टिक काढलं. माझ्या अंगाला रंग लागला, तो कोट आता गेला. यंत्र सरकवताना लक्षात आलं, मी त्याला हात लावून किती वर्षं झाली. कुठली तार कुठे जाते ते आठवेना. पत्र्याखाली सरांच्या अक्षरात चिकटपट्टीवर लिहिलं होतं : 'एक्स्प्रेसने इथे हात लावू नये.' काका, ती पट्टी मी विद्यार्थी असतानाची आहे. त्यांनी ती कधी काढलीच नाही.

नव्या डब्यातलं ग्रीस घेतलं. स्फटिक नाही. थंड केलं, सावकाश तापवलं. मी उणे साठवर प्रार्थना करत होतो, आणि ती कशासाठी हे मला माहीत नव्हतं.

तोच उंचवटा. तिथेच. तेवढाच.

मी खाली फरशीवर बसलो, जिथे मी त्या दोन मुलांना रांगायला लावलं होतं.

निबंध दुसऱ्या दिवशी मागे घेतला. संपादकांनी कारण विचारलं. मी लिहिलं, रिकामी फेरी घ्यायची राहिली. त्यांचं उत्तर आलं : 'खेद वाटतो. असे निबंध आम्ही तपासायला आपल्या सरांकडे पाठवत असू.'

उंचवटा ग्रीसचा निघाला, हे मी सभेत सांगितलं ते तुम्ही ऐकलंत. प्रमुख पाहुण्यांना मी आधी सांगितलं होतं, पण त्यांचं भाषण छापून तयार होतं, म्हणून माझ्यानंतर ते अर्धा तास उंचवट्यावर बोलले. टाळ्याही मिळाल्या. तुमच्या खांबाआडून कोणीतरी जोरात खोकलं. साथ अजून आहे वाटतं.

काका, मी हे सगळं का केलं, ते मला स्वतःलाही पुरतं सांगता येत नाही. थोडं माझ्यासाठी होतं, ते तुम्ही बरोबर ओळखलंत. पण सगळं नव्हतं. मी त्यांना कधी काही आणून दिलं नाही. जे आणलं ते त्यांनी परत केलं, दुरुस्त करून. मला वाटलं, आता तरी त्यांना 'नाही' म्हणता येणार नाही.

पाटी रंगवून झाली होती. रंगाऱ्याने 'या उंचवट्याचे शोधक' हे शब्द खरवडून दिले, पण नावाखाली तेवढी जागा मोकळी राहिली आहे, डोळ्यात भरते. तिथे काय लिहू, ते सांगा.

आणि स्फटिक? त्याची मोजणी राहिलीच आहे. मी करू का?

तुमचा,
एक्स्प्रेस


२ एप्रिल

प्रिय एक्स्प्रेस,

तुझं पत्र खुर्चीवरून आलेलं दिसलं नाही, म्हणून अरे म्हणतो.

खोकलो मी. खोटं कशाला बोलू.

पुतणीला मी फोन केला. ती म्हणाली, "काका, म्हणजे बाबांनी जाता जाता पण रिकामंच मोजलं?" मी हो म्हटलं. तर ती हसायला लागली, आणि मग ते हसणं राहिलं नाही. शेवटी म्हणाली, "तसंच असणार. दुसरं काही असतं तर मला संशय यायला हवा होता." मुलांना तिने सांगितलं की टेकडी सपाट निघाली. धाकट्याने विचारलं, मग आता तिथे सायकल चालवता येईल का. तो दादाच्या बाजूचा निघणार.

पाटीवरची जागा मोकळी ठेव. कोणी विचारलं तर सांग, मोजणी चालू आहे.

दादाच्या खोलीतून दुपारी टक-टक आवाज यायचा. तो विचार करताना टेबलावर पेन आपटतो, अशी माझी पक्की खात्री होती. किती वर्षं मी त्याला ओरडलो असेन. "दादा, बस कर ना!" तो आतून म्हणायचा, "मी काही करत नाहीये." माझा विश्वास बसायचा नाही. तो गेल्यावर पंधरा दिवसांनी मी जेवून पडलो होतो आणि टक-टक सुरू झालं. उठून गेलो. खोली रिकामी. खिडकीबाहेरचा पाण्याचा पाइप उन्हाने तापला की वाजतो. दादा खरंच काही करत नव्हता.

मागच्या दाराची कडी वाजायची, ती वाऱ्याने वाजते असं मी धरून चाललो होतो. कधी उठून पाहिलं नाही. या फेब्रुवारी-मार्चमध्ये वारा पुष्कळ झाला. कडी एकदाही वाजली नाही.

असं एकेक कळतंय. घराचं काय होतं आणि त्याचं काय होतं. त्याच्या हयातीत हे मोजता येणार नव्हतं, आणि मोजून दाखवायला आता तो नाही. हे त्याला सांगितलं असतं तर म्हणाला असता, "एकच फेरी घेतलीस? पुन्हा घे." घेतोय.

सोबत डबीत कापसात स्फटिक आहे. उरलेली निम्मी बाजू मी घासून सपाट केली, सावकाश केली. डबी टेबलावर, खाली कागद ठेवून उघड. फरशीवर उघडू नकोस, ती मुलं पुन्हा रांगायला लागतील. चिकटपट्टीवर लिहिलंय तिथे हात लावू नकोस, त्याने काही कारणानेच लिहिलं असेल. ग्रीस त्याच डब्यातलं घे. रिकामी फेरी तुझ्याकडे आता आहे. तरी पुन्हा एकदा घे.

उंचवटा आला तर कोणालाही कळवू नकोस, मलासुद्धा नाही. महिनाभर थांब आणि परत मोज.

काही आलं नाही तर मात्र लगेच कळव. त्या उत्तराची या घराला सवय आहे.

तुझा,
काका